‘लाइव्ह’चं खरं गिऱ्हाईक

प्रति,
मराठी वृत्तवाहिन्यांचे संपादक, आउटपुट प्रमुख आणि रात्रपाळीला असाइनमेंट डेस्क सांभाळणारे सगळे

सप्रेम नमस्कार,

२८ नोव्हेंबर २००८, शुक्रवारची सकाळ. मुंबईवरच्या २६/११च्या हल्ल्याचा तिसरा दिवस. कुलाब्यात नरिमन हाऊसवर हेलिकॉप्टर आलं आणि एनएसजीचे कमांडो दोरावरून गच्चीवर उतरू लागले. मी तेव्हा एका वृत्तवाहिनीत पॅनेल प्रोड्यूसर होते, म्हणजे कोणतं चित्र पडद्यावर जायचं ते निवडणारी. बुधवारी रात्री कामावर आले ती घरी गेलेच नव्हते. समोरच्या मॉनिटरांवर ताजचं फीड, ओबेरॉय-ट्रायडंटचं फीड, कुलाब्याच्या गल्लीतलं फीड. मी कुलाबा उचललं, बाकीच्या चौकटी काढून पूर्ण पडद्यावर घेतलं आणि टॉकबॅकवरून कॅमेरामनला म्हटलं, "अजून आत जा." तो झूम करत गेला. मागे उभे असलेले साहेब म्हणाले, "हलू नकोस इथून." मी हलले नाही. शेजारच्या पडद्यांवर इतर वाहिन्या दिसत होत्या. सगळीकडे तीच गच्ची, तोच दोर. आमचं चित्र सगळ्यांत स्थिर होतं आणि त्याचा मला त्या क्षणी आनंद झाला होता. तो आनंद अजून नीट आठवतो, म्हणून हे पत्र.

नरिमन हाऊसच्या त्या कारवाईत हवालदार गजेंद्रसिंह बिश्त मारले गेले. माझ्या फ्रेममुळे गेले, असं मी म्हणत नाही. तसं कोणालाच सिद्ध करता येणार नाही. कसाबच्या अपिलावर २९ ऑगस्ट २०१२ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानेही तेच नोंदवलं: प्रक्षेपणामुळे कोणा जवानाला इजा झाली का, हे शोधून काढणं शक्य नाही, पण त्यामुळे त्यांचं काम अतिशय अवघड आणि धोक्याचं झालं, यात शंका नाही. या वाक्याचा पहिला अर्धा भाग आमच्या धंद्याने पाठ केला. दुसरा अर्धा तुमच्यापैकी किती जणांनी वाचला आहे, मला खरंच माहीत नाही.

मी तो निकाल उशिराच वाचला. नोकरी सोडल्यानंतर, एका सुट्टीत. शेकडो पानांच्या त्या निकालात माध्यमांबद्दलची पानं थोडीच आहेत, पण ती वाचताना मला मधे उठून पाणी प्यावं लागलं. कारण त्यात आमचं रनडाऊन आहे, आम्ही काय कोणत्या क्रमाने दाखवलं त्याची यादी. आम्ही काय दाखवलं आणि सीमेपलीकडे बसून अतिरेक्यांना फोनवर सूचना देणाऱ्यांनी त्याचं काय केलं, हे त्या संभाषणांच्या नोंदींतून एकामागून एक येतं. ताजच्या घुमटाला आग लागली आहे, हे आतल्या खोलीत बसलेल्या अतिरेक्यांना ठाऊकच नव्हतं. ते त्यांना सीमेपलीकडून कळलं, आणि आग जितकी वाढेल तितकं तुमच्या फायद्याचं, असा सल्लाही मिळाला. ताजमधून एकाने ग्रेनेड फुटल्याचं कळवलं, तर पलीकडून उत्तर आलं की हो, स्फोट दाखवलाय, माणसं जखमी झालीत. नौदलाच्या एका इमारतीजवळ पोलीस कुठे दबा धरून बसलेत, कुठून नेम धरतायत आणि त्यांना उलट मारायला कुठली जागा चांगली, हेही पलीकडूनच सांगितलं गेलं. नरिमन हाऊससमोरच्या इमारतीच्या गच्चीवर पोलीस चढलेत, हेसुद्धा. वरिष्ठ पोलीस अधिकारी मारले गेल्याचं त्यांना आमच्याकडूनच समजलं. एक साथीदार जिवंत सापडल्याचंही.

इथे जरा थांबा. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी रिकाम्या हातांनी कसाबची एके-४७ धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. आपला माणूस जिवंत पकडला गेला आहे ही बातमी कराचीत जितकी उशिरा पोहोचेल तितकं तपासाला बरं, हे समजायला आयपीएस व्हावं लागत नाही. आम्ही ती मोठ्या अक्षरांत लाल पट्टीवर टाकली. मग नरिमन हाऊसमधल्या ओलिसांच्या बदल्यात त्याला सोडवून घेण्याची बोलणी फोनवर सुरू झाली. ओलिसालाच फोनवर घेऊन.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यांत जास्त लागली. अतिरेक्यांनी पळवून आणलेल्या ‘कुबेर’ बोटीवर एक मृतदेह सापडला होता. हाच अतिरेक्यांचा म्होरक्या असावा, अशी अटकळ वाहिन्यांनी चालवली. प्रत्यक्षात तो त्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा होता, अतिरेक्यांनीच मारलेला. आमच्या या अटकळीवर अतिरेकी आणि त्यांचे सूत्रधार फोनवर हसत होते, तेही त्या नोंदींत आहे. ज्याला त्यांनी मारलं, त्यालाच आम्ही त्यांचा पुढारी करून टाकलं. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ असं म्हणून.

आता माझा मुद्दा. त्या साठ तासांत पीसीआरमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्या नियंत्रण कक्षात, एकदाही कोणी विचारलं नाही की हे ‘लाइव्ह’ नेमकं कोणासाठी आहे. हिंगोलीत किंवा सावंतवाडीत टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला कमांडो आत्ता उतरताना दिसले काय आणि अर्ध्या तासाने दिसले काय, त्याला काय फरक पडतो? तो तितकाच हळहळेल, तितकाच रागावेल, जवानांसाठी देवापुढे तितकाच दिवा लावेल. बातमी त्याला मिळेल, चित्रही मिळेल. ‘आत्ता, या क्षणी’ या शब्दांची किंमत असलेला प्रेक्षक त्या रात्री एकच होता: ज्याच्या समोर टीव्ही होता आणि कानाला आतल्या बंदूकधाऱ्याशी जोडलेला फोन. बाकी सगळ्या देशाला आम्ही बातमी देत होतो. कराचीतल्या त्या खोलीतल्या पाच-सहा जणांना आम्ही सेवा देत होतो. फुकट.

"आम्ही फक्त जे दिसतं ते दाखवलं," हे वाक्य मीही पुष्कळदा उच्चारलं आहे. ते खरं नाही. नुसता कॅमेरा फार थोडं सांगतो. धूर, खिडक्या, पळणारी माणसं. कोण कुठे आहे हे त्यातून लवकर कळत नाही. कळतं ते आमच्यामुळे. आम्ही लाल गोल काढतो, बाण दाखवतो, नकाशा लावतो. निवृत्त अधिकाऱ्याला स्टुडिओत बसवून विचारतो, "साहेब, आता हे कुठून आत शिरतील?" आणि साहेब समजावून सांगतात. उंच इमारतीतल्या कोणाच्या तरी घरात शिरून वरून कॅमेरा लावतो, म्हणजे गच्चीपासून गल्लीपर्यंत सगळं एका फ्रेममध्ये येतं. शत्रूला याच कामासाठी दहा माणसं पेरावी लागली असती. त्यामुळे तुमच्यापैकी जे म्हणतात की आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, आम्ही थांबलो तरी लोक दाखवणारच, त्यांना माझं उत्तर हेच: मोबाईलवाल्याचं हलणारं, अर्धवट, विस्कटलेलं चित्र आणि तुमचं बाण-गोल काढलेलं, तज्ज्ञाने उलगडलेलं चित्र यांची बरोबरी करू नका. शिवाय तो मोबाईलवाला तुमच्याकडे पाहूनच हे शिकलाय.

फोनोबद्दलही बोललं पाहिजे. ताजमध्ये अडकलेल्या पाहुण्यांना फोन लावून त्यांना थेट प्रक्षेपणात बोलतं करायचं, यात त्या रात्री वाहिन्यांची चढाओढ होती. कितव्या मजल्यावर आहात, सोबत किती जण आहेत, दार आतून लावलंय का. अँकरचा आवाज काळजीने भरलेला असायचा, आणि ती काळजी खोटी नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. पण कुजबुजत बोलणाऱ्या माणसाचा ठावठिकाणा आपण त्याच्याच तोंडून जाहीर करतोय, हे कोणाच्या ध्यानात येत नव्हतं. नरिमन हाऊसमधल्या अतिरेक्याशी तर एका वाहिनीने थेट प्रक्षेपणात बातचीत केली. त्याला काय बोलायचं हे आधीच फोनवरून पढवलेलं होतं. म्हणजे पत्रकार प्रश्न विचारतोय असं दिसत होतं, पण कार्यक्रमाची संहिता कराचीत लिहिली गेली होती.

हे सगळं २००८मध्ये पहिल्यांदाच घडलं असतं, तर अननुभवाची सबब चालली असती. ५ सप्टेंबर १९७२ रोजी म्युनिकच्या ऑलिम्पिक ग्राममध्ये इस्रायली खेळाडूंना ओलीस धरलं होतं. ट्रॅकसूट घातलेले जर्मन पोलीस गच्चीवरून पुढे सरकत होते, कॅमेरे ते दाखवत होते आणि आतल्या खोल्यांमध्ये टीव्ही होता. कारवाई गुंडाळावी लागली. १९८८च्या ऑगस्टमध्ये ग्लाडबेकच्या बँक दरोडेखोरांनी ओलिसांसह कोलोनच्या बाजारपेठेत गाडी थांबवली, तर वार्ताहरांनी गाडीला गराडा घालून मुलाखती घेतल्या. एक जण तर रस्ता दाखवायला गाडीतच बसला. त्यानंतर जर्मन प्रेस कौन्सिलने गुन्हा चालू असताना गुन्हेगाराची मुलाखत घ्यायची नाही, असा नियम केला. इतकं होऊनही जानेवारी २०१५मध्ये पॅरिसच्या ज्यू सुपरमार्केटमध्ये बंदूकधारी आत असताना, आणि गिऱ्हाइकं तळघरातल्या शीतगृहात लपलेली असताना, एका वाहिनीने कोणीतरी तिथे लपल्याचं थेट सांगून टाकलं. तेव्हा हा रोग फक्त आपला नाही. पण शेजाऱ्यालाही ताप आहे म्हणून आपला उतरत नाही.

एवढं सगळं ऐकून ‘मग बातम्याच बंद ठेवायच्या का’ असं कोणी विचारेल. उलट आहे. त्या रात्री तातडीने सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मुंबईतलं सगळ्यांत चांगलं थेट प्रक्षेपण, माझ्या मते, कुठल्याही वाहिनीने केलंच नाही. ते छत्रपती शिवाजी टर्मिनसवर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी केलं. काचेच्या केबिनमधून त्यांना गोंधळ दिसला आणि ते मायक्रोफोनवरून लोकांना सांगत राहिले, पुढच्या बाजूला येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. पुन्हा पुन्हा. त्यांचा एकेक शब्द ‘आत्ता’च हवा होता, अर्ध्या तासाने तो निरुपयोगी ठरला असता. कोणता रस्ता बंद, कोणत्या गाड्या रद्द, कुठल्या रुग्णालयात रक्त हवंय, घराबाहेर पडू नका: जे ऐकून माणूस वाचतो, ते एक सेकंदही अडवू नये. त्याच स्थानकात छायाचित्रकारांनी जीव मुठीत धरून कसाबचे फोटो काढले, ते दुसऱ्या दिवशी छापून आले आणि पुढे न्यायालयात पुरावा म्हणून उभे राहिले. त्या फोटोंना दुसरा दिवस उजाडला म्हणून काही बिघडलं नाही.

जाता जाता एक. सीएसटीत पन्नासहून अधिक माणसं मेली, बाहेरगावी निघालेली, बोचकी-पिशव्या घेतलेली. तिथे सगळं तास-दीड तासात संपलं आणि आमचे कॅमेरे गेटवेसमोर गेले ते तीन दिवस तिथेच राहिले. एकूण १६६ माणसं गेली, पण पडद्यावर एक घुमट जळताना दिसत राहिला. घुमट ‘लाइव्ह’ होता. मेलेले प्रवासी ‘लाइव्ह’ नव्हते. आमच्या निवडीत वर्ग किती होता आणि ‘चालू घटना’ या शब्दाची भूल किती होती, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही.

सरकारच्या बाजूनेही काही कमी घोळ नव्हता, आणि तो सांगितला नाही तर हे पत्र अप्रामाणिक होईल. सुरुवातीच्या कित्येक तासांत अधिकृतपणे बोलणारा माणूसच नव्हता. कॅमेरे किती अंतरावर हवेत हे ठरवणारी दोरी कोणी लावली नव्हती. जो ज्याला हटकेल तो हटकेल. ताजसमोर वार्ताहर जमिनीवर आडवे पडून बोलत होते आणि त्यांच्या मागे बघे उभे. माहिती मिळाली नाही की पोकळी तयार होते आणि पोकळीत अफवा शिरते. शुक्रवारी दुपारी सीएसटीजवळ पुन्हा गोळीबार सुरू झाल्याची बातमी वाहिन्यांवर धावली, माणसं रस्त्यावर सैरावैरा पळाली, आणि तसं काहीच घडलेलं नव्हतं. आमच्या पट्टीवरही ती होती. कोणी टाकली हे विचारलं, तर सगळे एकमेकांकडे बघत होते.

नंतर नियम झाले. डिसेंबर २००८मध्येच वृत्तवाहिन्यांच्या संघटनेच्या नियमन प्राधिकरणाने, न्यायमूर्ती जे. एस. वर्मा त्याचे प्रमुख असताना, आणीबाणीच्या प्रसंगाची आचारसंहिता काढली: ओलिसांशी, अतिरेक्यांशी, कारवाईतल्या जवानांशी थेट संपर्क नको, सुटकेच्या कारवाईचा तपशील नको, जुनी दृश्यं विनाकारण फिरवत राहू नका. आमच्या कार्यालयात ते परिपत्रक नोटीस बोर्डावर लागलं. काही आठवड्यांनी त्याच टाचणीवर कॅन्टीनचे नवे दर लागले. मार्च २०१५मध्ये केंद्र सरकारने केबल टेलिव्हिजनच्या नियमांत दुरुस्ती केली. नियम ६ (१) (पी): दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, कारवाई संपेपर्यंत नेमलेला अधिकारी वेळोवेळी जी माहिती देईल तेवढीच.

हा नियम चांगला आहे असं मी म्हणेन, आणि लगेच म्हणेन की तो पुरेसा नाही आणि थोडा भीतिदायकही आहे. पुरेसा नाही, कारण तो जवानांच्या हालचालींबद्दल बोलतो. शीतगृहात लपलेल्या गिऱ्हाइकाबद्दल नाही, वार्ताहरांनी जिन्यात गाठलेल्या मृताच्या नातेवाइकांबद्दल नाही. आणि नेमलेला अधिकारी आलाच नाही तर? २००८मध्ये तो आला नव्हता. भीतिदायक यासाठी की काय ‘संवेदनशील’ हे सरकारच ठरवणार असेल, तर उद्या सरकारच्या चुकाही संवेदनशील ठरतील. जानेवारी २०१६च्या पठाणकोट हल्ल्याच्या वार्तांकनावरून त्याच वर्षी नोव्हेंबरात एका हिंदी वाहिनीला एक दिवस प्रक्षेपण बंद ठेवण्याचा आदेश निघाला. ओरड झाली, आदेश स्थगित झाला. ती ओरड योग्य होती. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या निकालात काय म्हटलं होतं, आठवा: माध्यमांवरचं नियंत्रण आतूनच यायला हवं या युक्तिवादाचं मुंबई हल्ल्याच्या वार्तांकनाने फार नुकसान केलं. सरकारी काठीला जागा आपणच करून दिली, संपादकहो. आपल्याच हातांनी, झूम करून.

आणि मे २०२५. मी मुद्दाम २००८वर रेंगाळले, कारण तिथे मी होते. पण तुम्ही २०२५मध्ये होतात. पहलगामला २२ एप्रिलला २६ माणसं मारली गेली, त्यांत महाराष्ट्रातले सहा, आणि त्या सहांत आमच्या डोंबिवलीचे तिघे. भागशाळा मैदानात अंत्यदर्शनासाठी मीही रांगेत उभी होते. माझ्या पुढे चार पावलांवर एक विशीतला वार्ताहर कानातल्या इयरपीसमध्ये हळू आवाजात कोणाला तरी सांगत होता, "मॅडम, कोणी रडत नाहीये. सगळे शांत उभे आहेत." पलीकडून काहीतरी उत्तर आलं असावं. तो मान खाली घालून पुन्हा गर्दीत शिरला. मला त्या मुलाचा राग आला नाही. राग आला तो त्या कानातल्या मॅडमचा, आणि ती मॅडम एके काळी मीच होते.

त्या आठवड्यात, २६ एप्रिलला, माहिती व प्रसारण मंत्रालयाने सूचनापत्र काढून कारगिल, कंदाहारचं विमान अपहरण आणि २६/११ यांची आठवण करून दिली आणि सुरक्षा दलांच्या हालचाली थेट दाखवू नका म्हटलं. मग ऑपरेशन सिंदूर झालं आणि ८ मेच्या रात्री देशातल्या मोठमोठ्या वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं, इस्लामाबाद पडल्याचं सांगितलं. स्टुडिओतून हवाई हल्ल्याचे भोंगे इतके वाजले की १० मे रोजी नागरी संरक्षण खात्याला लेखी कळवावं लागलं: कार्यक्रमात भोंग्याचा आवाज वापरू नका, खरा वाजेल तेव्हा लोक लक्ष देणार नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथे घराघरातलं कोणी ना कोणी सैन्यात आहे, तिथे ती रात्र कशी गेली असेल? तिथल्या आईला कराची बंदराशी देणंघेणं नव्हतं. तिला एकच बातमी हवी होती आणि ती तुमच्याकडे नव्हती, म्हणून तुम्ही दुसऱ्या पन्नास दिल्या.

म्हणजे २००८मध्ये आम्ही नको ते खरं दाखवलं आणि २०२५मध्ये हवं ते खोटं. दोन्हीच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: ‘आत्ता’ पडद्यावर काहीतरी असलंच पाहिजे, ही धास्ती. रिकामी चौकट आणि अँकरचं "थांबा, आमच्याकडे खात्रीची माहिती नाही" हे वाक्य आमच्या धंद्यात नापास होण्यासारखं मानलं जातं.

तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही बाहेर बसून बोलताय. गुरुवारी रेटिंगचे आकडे आले की मालकासमोर आम्हाला उभं राहावं लागतं. खरं आहे, मीही उभी राहिले आहे. पण त्या शुक्रवारी माझ्या डोळ्यांसमोरच्या सगळ्या पडद्यांवर एकच गच्ची होती. सगळे तेच दाखवत असताना कोण कोणाच्या पुढे गेलं? स्पर्धा अशी नव्हतीच. भीती होती, आपण सोडून बाकीचे दाखवत राहतील याची. अशा भीतीवर उपाय एकट्याने होत नाही, सगळ्यांनी मिळून होतो. मराठी वृत्तवाहिन्या मोजायला दोन हातांची बोटं पुरतात. तुम्ही सगळे एकमेकांना ओळखता; अर्ध्याअधिक जणांनी एकमेकांकडे नोकऱ्या केल्यात. एका संध्याकाळी दादरला एका टेबलाशी बसलात तरी ठरेल.

काय ठरवायचं, तेही सांगते. कारवाई चालू असलेल्या ठिकाणाचं चित्र किमान अर्धा तास उशिरा दाखवायचं. बीबीसीने रशियातल्या बेस्लानच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर, २००५मध्ये, अशा प्रसंगांच्या थेट चित्रांना मुद्दाम उशीर लावण्याचा नियम केला. त्यांचा प्रेक्षक काही पळून गेला नाही. त्यासाठी नवं यंत्र घ्यायला नको. फीड सर्व्हरवर रेकॉर्ड होतच असतं, तिथून चालवायचं, आणि कोपऱ्यात ‘थेट’ऐवजी ‘३० मिनिटांपूर्वी’ असं लिहायचं. लिहायला लाजू नका. प्रेक्षकाला कारण सांगितलं की तो समजून घेतो, निदान मराठी प्रेक्षक घेईल असं मला वाटतं. अडकलेल्या माणसाला फोन करायचा नाही. त्याचाच आला तर घ्यायचा, धीर द्यायचा, पोलिसांना कळवायचं आणि पडद्यावर आणायचं नाही. मृताचं नाव घरच्यांना कळल्याची खात्री झाल्याशिवाय पट्टीवर नाही.

आणि हे सगळं कागदावर लिहून चालणार नाही, कारण कागदावर काय लागतं ते मी वर सांगितलंच. पीसीआरमध्ये त्या क्षणी शहाणपण सुचत नाही. झोप नसते, मागे कोणीतरी ओरडत असतं, फ्रेम सुंदर असते. "हलू नकोस" म्हणणारा माणूस तिथे नेहमीच असतो. "काढ ते पडद्यावरून" म्हणायचा अधिकार असलेला, आणि त्यासाठी ज्याची नोकरी जाणार नाही असा माणूस तिथे कधीच नसतो. २८ नोव्हेंबरच्या सकाळी मला कोणी तसं म्हटलं असतं, तर मी चिडले असते, पण बटण दाबलं असतं. एक सेकंद लागतो.

तुमच्या प्रत्येकाच्या पीसीआरबाहेर रात्रपाळीचा तक्ता लावलेला असतो. पॅनेल कोण, अँकर कोण, ग्राफिक्स कोण, सर्व्हर कोण. त्यात आणखी एक रकाना आखा आणि त्यात रोज एक नाव लिहा, थांबवणाऱ्याचं. ते नाव मालकालाही ठाऊक असू द्या. या पत्राला लांबलचक उत्तर नको आहे. पुढच्या आठवड्याच्या तक्त्यात त्या रकान्यात कोणाकोणाची नावं आहेत, तेवढं कळवा.

आपली,
एक माजी पॅनेल प्रोड्यूसर
डोंबिवली (पश्चिम)